एक हात म्हणजे एक सेकंद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तो नीट समजून घेतलाय की नाही ते तुम्हाला कळेल. तुमचे मामा ऐंशीला टेकलेत. सत्तर-ऐंशीच्या दशकात त्यांनी तीन सिनेमे केले, तिन्ही रुळलेल्या वाटेबाहेरचे, आणि त्यातला एकही रीतसर थिएटरला लागला नाही. ऐरोलीच्या घरी बसून तुम्ही त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलंय, चाळीस तास. एका प्रकाशकांनी तीन सूचना केल्यात: जन्मापासून क्रमाने लिहा, गाजलेल्या लोकांची नावं वाढवा, कॅमेरा-रिळांची माहिती कमी करा. मामांच्या सांगण्यात सनावळ्या जुळत नाहीत, भाषेत मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ आहे, आणि तीन-चार माणसांबद्दल ते फार कडवट बोलतात. आता याचं आत्मचरित्र कसं करायचं?

मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि गेली सत्तावीस वर्षं शब्दांकन करते. डॉक्टर, कारखानदार, नट, गायिका अशा बऱ्याच जणांची पुस्तकं हातून झाली. दिग्दर्शकांची दोनच झाली, पण मला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं.

प्रकाशकांची तिसरी सूचना तुम्ही मुळीच ऐकू नका. बाकीच्या दोन्हींवर बोलता येईल. पण कॅमेरा, रिळं, उधारी, भाड्याची शिफ्ट हे सगळं काढून टाकलंत तर मामांच्या पुस्तकात त्यांची मतं तेवढी उरतील. आणि मतं काय, त्या पिढीतल्या शंभर माणसांची साधारण सारखीच होती.

हे मला एका चुकीमुळे कळलं. वर्तकनगरमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या एका वयस्क दिग्दर्शकांचं पुस्तक मी करत होते. स्वतःचे सिनेमे ते स्वतःच कापायचे, म्हणजे संकलनही त्यांचंच. बोलता बोलता एकदा म्हणाले, "त्या म्हातारीच्या शॉटला मी अकरा हात दिले." मला कळेना. तेव्हा त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं, पंजा सरळ केला आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दुसऱ्या हाताने माप दाखवलं. पस्तीस एमएमच्या फिल्ममध्ये फुटाला सोळा चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात. एका सेकंदाला चोवीस. म्हणजे एक सेकंद बरोब्बर दीड फुटाचा, आणि दीड फूट म्हणजे आपल्या आजीच्या मापातला एक हात. संकलनाचं टेबल शिफ्टवर भाड्याने मिळायचं आणि भाडं परवडायचं नाही. म्हणून ते आदल्या रात्री घरी खिडकीशी बसून फिल्म हातावर मोजत, पेन्सिलने खुणा करत, आणि शिफ्टमध्ये फक्त कापायचं-जोडायचं काम करत.

एवढं सगळं ऐकूनही मी मजकुरात लिहिलं, "तो शॉट मी अकरा सेकंदांचा ठेवला." वाचकाला सोपं जावं म्हणून. प्रकरण पुरं झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. त्या वाक्याशी आल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "हे दुसऱ्या कुणीतरी कापलंय."

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्या वाक्यात घड्याळ होतं, त्यांच्या वाक्यात हात होता, खिडकी होती, भाड्याला नसलेले पैसे होते. त्या रात्री मी सगळी वही पुन्हा काढली. असं 'सोपं' केलेल्या सतरा जागा सापडल्या. सगळ्या पूर्ववत केल्या. तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांना मी त्याच्याच आधाराने उत्तर देणार आहे: वाटेबाहेरच्या माणसाचं पुस्तक त्याच्याच मापाने लिहायचं. त्याचा क्रम, त्याचे शब्द, त्याची एककं. तपासायचं ते सगळं तपासा, पण मोजपट्टी बदलू नका.

आता मामांना विचारायचं काय. चाळीस तासांत तुम्ही "असा सिनेमा का केलात?" हे नक्की बऱ्याचदा विचारलं असणार. 'का' विचारलं की जुना दिग्दर्शक महोत्सवातल्या मुलाखतीसारखं बोलू लागतो. हे प्रश्न त्याला पन्नास वर्षं विचारले गेलेत आणि उत्तरं घासून गुळगुळीत झालीत. त्याऐवजी 'कसं' विचारा. कॅमेरा कुणाचा होता? कोणत्या ट्रेनने आणला? किती रोल शिल्लक होते? सोळा एमएमच्या शंभर फुटांच्या रोलवर पावणेतीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात काय काय बसवलंत? चावीचा बोलेक्स कॅमेरा असेल तर चावी पूर्ण भरून तो जेमतेम अठ्ठावीस सेकंद चालतो. मामांच्या सिनेमातले शॉट तुकड्या-तुकड्यांचे असतील तर समीक्षकांनी त्याला शैली म्हटलं असेल. कदाचित ती चावी होती. आणि मग त्या चावीतून त्यांनी शैली कशी घडवली, ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

शक्य असेल तर वस्तू समोर ठेवा. त्याच दिग्दर्शकांशी दोन महिने माझं बोलणं वरवरचंच चाललं होतं. एक दिवस माळ्यावरून फिल्मचा गंजलेला डबा खाली काढला. झाकण उघडताच व्हिनेगरचा उग्र वास आला. जुनी ॲसिटेट फिल्म कुजू लागली की असाच वास सुटतो. त्यांनी डब्याशी नाक नेलं, बराच वेळ तसेच बसले, आणि मग सलग तीन तास बोलले. सांधा कसा जोडायचा, आधी चौकटीवरचा लेप ब्लेडने किती हलका खरवडायचा, सिमेंट, म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण, लावून किती श्वास दाबून धरायचं. बोलताना त्यांची बोटं हवेत ते सगळं करत होती. मी रेकॉर्डरकडे पाहणं सोडलं आणि बोटं काय करतायत ते लिहून घेत गेले. तुम्हीही एक वही ठेवा, फक्त हातांसाठी. रेकॉर्डिंगमध्ये हात येत नाहीत.

(मामांकडे असे डबे असतील तर लगेच एक करा. ज्यांना वास येतोय ते बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, कारण त्या वाफेने शेजारचे चांगले डबेही खराब होतात. ऐरोलीला खाडीची दमट हवा, त्यात पोटमाळ्याचा उकाडा, फिल्मला याहून वाईट जागा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. ती संस्था १९६४ पासून हेच काम करते. पुस्तक थोडं थांबलं तरी चालेल, निगेटिव्ह थांबणार नाही.)

'कसं केलं' यातच गोष्ट असते याचं आपल्याकडचं पहिलं उदाहरण दादासाहेब फाळके. १९१७-१८ मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' या मथळ्याखाली लेख लिहिले. सगळं आत्मचरित्र नव्हे, पण भारतीय दिग्दर्शकाने स्वतःच्या धडपडीबद्दल स्वतः लिहिलेलं इतकं जुनं दुसरं लेखन मला माहीत नाही. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोळ्यांसमोर कृष्ण-राम दिसू लागले, हे आपण सगळे सांगतो. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. दिवसरात्र फिल्मचे तुकडे तपासून डोळे जाण्याची वेळ आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला. पैसे घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ते रोप पडद्यावर बघता बघता वाढवून दाखवलं. ते रोप आणि ती पॉलिसी बाजूला काढा, मग फाळके म्हणजे नुसते 'थोर जनक' उरतात, भिंतीवरच्या तसबिरीतले.

क्रमाचा प्रश्न. जन्मापासून सुरू करायला हरकत काहीच नाही, पण तो मामांचा क्रम आहे का? चाळीस तासांत ते आपोआप कुठून सुरू करतात, कुठल्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळतात, ते आधी ऐका. जिथे ते चौथ्यांदा परत येतात ते तुमचं पहिलं प्रकरण. जिथे दर वेळी विषय बदलतात तिथे काहीतरी दडलंय, आणि तिथे घाई करू नका.

दोन परदेशी उदाहरणं देते, कारण दोघांनीही क्रमाशी आपापल्या तऱ्हेने झुंज घेतली. जपानचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचं आत्मकथन इंग्रजीत १९८२ साली आलं. ते 'राशोमोन' या सिनेमापाशी, म्हणजे १९५० सालापाशी, थांबतं. त्यानंतर ते जवळजवळ पन्नास वर्षं जगले, मोठमोठे सिनेमे केले, तरी पुस्तक तिथेच थांबतं. कारण ते स्वतः देतात: माणूस स्वतःबद्दल खरं बोलू शकत नाही हेच तर तो सिनेमा सांगतो, मग मी पुढे कसा लिहू? माझ्याबद्दल पुढचं जाणून घ्यायचं असेल तर नंतरच्या सिनेमांतली माणसं पाहा. मला हा शेवट फार मोठा वाटतो. तुमच्या मामांनाही असं एक ठिकाण असेल, जिथून पुढे त्यांना बोलायचं नसेल. तिथे थांबू द्या. 'उर्वरित जीवन' असं प्रकरण जोडून पुस्तक पुरं करायचा मोह होईल, तो आवरा.

त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. १९२३ च्या भूकंपानंतर थोरला भाऊ हेइगो लहान अकिराला उद्ध्वस्त तोक्योत घेऊन गेला, प्रेतांच्या राशींमधून चालवलं आणि नजर वळवू दिली नाही. डोळे मिटलेस तर भीती राहील, सरळ पाहिलंस तर भ्यायला काही उरत नाही, असं काहीसं त्याचं म्हणणं. हा भाऊ मूकपटांच्या वेळी पडद्याशेजारी उभं राहून कथा सांगणारा 'बेन्शी' झाला, आणि बोलपट आल्यावर ते काम संपलं. १९३३ साली त्याने जीव दिला. कुरोसावांचे सिनेमे पाहिलेल्या माणसाला या दहा-बारा पानांत जे मिळतं ते समीक्षेच्या जाड ग्रंथात मिळत नाही. मामांनी बहिणीबद्दल, म्हणजे तुमच्या आईबद्दल, काही सांगितलंय का? तुम्ही प्रश्नात त्याचा उल्लेखही केलेला नाही. विचारा.

दुसरे स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल. त्यांचं पुस्तक १९८२ चं, ते गेले १९८३ साली. आपण लेखणीचा माणूस नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय. दीर्घ गप्पांमधून ते लिहून काढलं ज्यां-क्लोद कारिएर यांनी, म्हणजे तुमचं-माझंच काम. फरक एवढाच की कारिएर वीसएक वर्षं त्यांचे पटकथाकार होते, त्यांचा श्वास कुठे अडतो ते त्यांना ठाऊक होतं. त्या पुस्तकात काळाचा धागा आहे, पण तो मध्येच सुटतो. आवडत्या बारबद्दल आणि मार्टिनी कशी करावी याबद्दल एक प्रकरण आहे, आपल्याला काय आवडतं आणि काय नाही याची एक लांबलचक जंत्री आहे. आणि तरी १९२९ च्या पॅरिसमधला पहिल्या सिनेमाचा खेळ अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो: सिनेमा आईच्या पैशांतून केलेला, स्वतः पडद्यामागे ग्रामोफोनपाशी उभे, कधी अर्जेंटिनाचे टँगो तर कधी वागनरचं संगीत लावतायत, आणि लोक अंगावर आले तर मारायला खिशात दगड भरलेले. दगड वापरायची वेळ आली नाही. पण त्या खिशातल्या वजनावरून तो तरुण कसा होता ते कळतं. तुमच्या मामांच्या पहिल्या खेळाच्या दिवशी त्यांच्या खिशात काय होतं?

सनावळ्यांबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता, म्हणून इथे थोडी थांबते. बुन्युएल पुस्तकाची सुरुवातच विस्मरणाने करतात. आईची स्मृती गेली होती, तेच मासिक ती पुन्हा पुन्हा नव्याने वाचायची. मग स्वतःबद्दल सांगतात: पॉल निझां या लेखकाचं चर्चमधलं लग्न मला स्वच्छ आठवतं, लोक आठवतात, पाद्री आठवतो. आणि एक दिवस लक्षात आलं की निझां पक्का मार्क्सवादी, तो चर्चमध्ये लग्न करणंच शक्य नाही. मग हे कुणाचं लग्न मी पाहिलं? त्यांनी ती आठवण खोडली नाही. चुकीसकट ठेवली आणि चूकही सांगितली. माझ्या मते हाच रस्ता आहे. मामा म्हणतात १९७४ आणि कागद म्हणतो १९७६, तर मजकुरात मामांचं वाक्य राहू द्या आणि खाली तळटीपेत कागद काय म्हणतो ते सांगा. गुपचूप दुरुस्त केलंत तर आठवणही खोटी होते आणि इतिहासही.

पण त्यासाठी कागद शोधावे लागतील. सिनेमा थिएटरला लागला नसला तरी सेन्सॉर झाला असेल, कारण राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचा तर प्रमाणपत्र लागतंच. त्यावर तारीख आणि लांबी दोन्ही असतात. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचं कर्ज असेल, जी १९६० साली सुरू झाली आणि १९८० साली एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, तर करारपत्र आणि हप्त्यांच्या तारखा सापडतील. लॅबची बिलं, कॅमेऱ्याच्या भाड्याच्या पावत्या, आउटडोअरच्या लॉजची बिलं कुणी टाकून देत नाही, विशेषतः कर्ज झालेला माणूस. आणि एक दिवस ठाण्याला या. स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालचं. जुनी मासिकं, दिवाळी अंक तिथे चाळायला मिळतात. माझ्या दिग्दर्शकांच्या सिनेमावर आलेलं अर्ध्या पानाचं परीक्षण मला अशाच एका अंकात सापडलं. त्यांना स्वतःला ते आलं होतं हेच माहीत नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

भाषेत फार हात घालू नका. मामा म्हणतात "लाइट मारला", तर तुम्ही 'प्रकाशयोजना केली' असं लिहू नका. लाइटदादा, स्पॉटदादा, रॉ स्टॉक, रशेस, पॅक-अप हे सेटवरचं मराठीच आहे आणि वाचकाला पुढच्या-मागच्या वाक्यावरून कळतं. अनिता पाध्ये यांनी शब्दांकन केलेलं दादा कोंडक्यांचं 'एकटा जीव' पाहा. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. मामांची हिंदी वाक्यं हिंदीतच राहू द्या. लांबलचक इंग्रजी वाक्यं मात्र त्यांनाच पुन्हा मराठीत सांगायला लावा, तुम्ही भाषांतर करू नका. नव्वद टक्के वेळा मराठीत सांगताना ते काहीतरी वेगळं आणि जास्त खरं सांगतात.

एका तासाच्या टेपला उतरवायला मला पाच ते सहा तास लागतात. तुमचे चाळीस तास म्हणजे दोन-अडीच लाख शब्द होतील आणि पुस्तक सत्तर-ऐंशी हजारांचं. म्हणजे दोन तृतीयांश जाणार. जाऊ द्या, पण टेपा जपा. दोन ठिकाणी प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

कडवटपणा. हा भाग मी टाळत नाही, पण इथे माझं मत ठाम आहे. कुणी पैसे बुडवले, कुणी नाव गाळलं, हे मामांना सांगू द्या. रेकॉर्डही करा, त्याशिवाय ते पुढे सरकणार नाहीत. पुस्तकात मात्र घटना ठेवा आणि विशेषणं काढा. "अमुक तारखेला पैसे द्यायचं ठरलं होतं, मिळाले नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांचं शूटिंग राहिलं आणि म्हणून सिनेमाचा शेवट असा आहे," हे वाक्य शिवीपेक्षा शंभरपट जोरकस आहे, कारण त्यातून सिनेमा दिसतो. जिथे कागद नाही तिथे नाव नको. अब्रुनुकसानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि माणूस मृत असला म्हणून धोका टळत नाही, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप त्यातही येतो. प्रकाशकांना छापण्याआधी एकदा वकिलाला दाखवायला सांगा.

गाजलेल्या नावांची सूचना? ज्यांनी मामांच्या कामात खरोखर काही बदल घडवला ते येतीलच. नुसतं एका पार्टीत भेटले, ते नकोत.

कागदोपत्री दोन गोष्टी. मामांशी साधा लेखी करार करा: हक्क कुणाचे, मानधन कसं वाटायचं, मुखपृष्ठावर तुमचं नाव कुठे. घरातल्या माणसाशी करार म्हणजे अवघड वाटतं, पण नंतरचे मामेभाऊ-मामेबहिणींचे प्रश्न त्याने मिटतात. आणि त्यांना आलेली पत्रं छापायची असतील तर लक्षात ठेवा, कागद मामांचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. स्थिरचित्रांवरही हक्क असतात, फोटोग्राफर कोण होता ते विचारून ठेवा.

सुरुवात सगळ्या चाळीस तासांपासून करू नका. ज्या गोष्टीकडे मामा पुन्हा पुन्हा येतात तेवढीच घ्या, तीन पानं लिहा, आणि येत्या रविवारी त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. फोन बंद ठेवा, हातात फक्त पेन्सिल. जिथे ते थांबवतील तिथे खूण करा आणि त्यांनी थांबवल्यावर जे शब्द वापरले, ते जसेच्या तसे समासात लिहून घ्या.